अपात्र संगणकावरचा प्रयोग

जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केली, तेव्हा आपला संगणक तिला पेलेल की नाही हे पाहण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅमही दिला. त्याचे नाव ‘पीसी हेल्थ चेक’. नावामुळे माझ्यासारख्या वैद्यकाचे कुतूहल साहजिकच चाळवले. मात्र पहिल्या आवृत्तीत संगणक अपात्र ठरला तर का ठरला हे कळत नसे. आमच्या औद्योगिक भागात कामगाराच्या कार्डावर नुसता ‘अनफिट’ शेरा मारला तर तो दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो. येथेही लोकांनी कारण विचारलेच, आणि काही दिवसांतच तो प्रोग्रॅम सुधारण्यासाठी मागे घेतला गेला.

कारणे होती ती मुख्यतः सुरक्षिततेची. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा आणि गुप्त किल्ल्या जपणारी ‘टीपीएम २.०’ ही सोय हवी. याचा अर्थ असा की, उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका रेषेच्या पलीकडे गेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही संपला. आकुर्डीसारख्या गावात ही गोष्ट सहज पचत नाही. येथे चेतक स्कूटर घडली आणि ती वीस-पंचवीस वर्षे वापरणारी घरेही येथेच आहेत. जे बिघडलेले नाही ते टाकायचे कशाला, हा आमचा स्वभाव आहे आणि मला तो चांगलाच वाटतो.

या स्वभावातूनच एक आडवाट निघते. नवी प्रणाली सर्वांना देण्यापूर्वी तिची कच्ची आवृत्ती, म्हणजे बीटा, स्वेच्छेने पुढे आलेल्यांना वापरायला दिली जाते. २०२१ मध्ये जे आधीपासून अशा चाचणीच्या अगदी पुढच्या तुकडीत होते, त्यांना २४ जूनपर्यंतच्या नोंदीच्या आधारावर अपात्र यंत्रांवरही विंडोज ११ चे कच्चे अंक मिळत राहिले. पण ही सवलत तात्पुरती होती. पक्की आवृत्ती आली की त्यांनी सारे पुसून पुन्हा विंडोज १० घालावी, असे सांगण्यात आले होते. अटी चुकवून नवी प्रणाली बसवण्याच्या युक्त्या पुढेही चालू राहिल्या. २०२४ मध्ये मात्र चाचणीच्या अंकांतच दिसून आले की, पुढच्या आवृत्तीला प्रोसेसरमधील काही विशिष्ट सूचना लागतात. ज्या फार जुन्या यंत्रांत त्या नव्हत्या, ती यंत्रे सुरूच होईनात. तेथे युक्ती चालण्यासारखी नव्हती.

हे सारे आरोग्याच्या पाक्षिकात का, असे कोणी विचारील. माझ्याकडे येणारे एक निवृत्त टर्नर आहेत. त्यांच्या हृदयात माइट्रल जागी यांत्रिक झडप बसवलेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि आयएनआर साधारण २.५ ते ३.५ दरम्यान राखायचा. कामावर मोजमापाची सवय असल्याने प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक बदललेला डोस ते घरच्या संगणकावर आठ वर्षे टिपत आले. विंडोज १० बंद होणार म्हणून आजोबांच्या काळजीपोटी अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने त्याच संगणकावर बीटा चढवली. तीन आठवडे सारे सुरळीत होते. मग एका अपडेटनंतर यंत्र सुरू होई, बंद पडे, पुन्हा सुरू होई.

नेमकी त्याच आठवड्यात त्यांची दाढ काढायची ठरली होती. दंतवैद्यांनी मागचे आकडे मागितले. काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, आकडे तर अडकलेत. गोळी तीन-चार दिवस बंदच ठेवू का? रक्त तरी वाहणार नाही.” सुज्ञ माणसाला सुचलेला हा उपाय ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अशा झडपेवर गुठळी धरली तर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. माझ्या दवाखान्यात त्यांचे कागदी कार्ड होते. त्यावरचे आकडे आणि त्याच दिवशी केलेली नवी तपासणी यांच्या आधारे दंतवैद्यांशी बोलून गोळी चालू ठेवूनच दाढ निघाली. संगणकाची डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर फाईलही मिळाली. त्याला पाच दिवस लागले.

नातू खजील होऊन आला होता. “डॉक्टरकाका, मी वाईट केलं का?” त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि त्याची भीतीही खोटी नव्हती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या आरोग्यसेवेला ग्रासले, तेव्हा इंग्लंडमधील सुमारे ८० रुग्णालय-न्यास आणि जनरल प्रॅक्टिशनरांचे ५९५ दवाखाने अडचणीत आले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच निघाले होते. ते अनेकांनी घातले नव्हते. तेव्हा जुन्या प्रणालीवर निर्धास्त बसा, असा सल्ला मी देऊ शकत नाही.

पण नव्या औषधाची चाचणी आम्ही कोणावर करतो? ज्याला धोका समजावून सांगितला आहे आणि ज्याने संमती दिली आहे, त्याच्यावर. बीटाच्या बाबतीत नातवाने संमती दिली, आकडे मात्र आजोबांचे होते. शिवाय विंडोजच्या चाचणी अंकांना औषधासारखी मुदत असते, ती उलटली की कालांतराने यंत्र चालेनासे होते. आणि चाचणीत राहायचे तर यंत्राविषयीची जादा माहिती कंपनीकडे पाठवण्यास मुभा द्यावी लागते. दवाखान्याच्या संगणकावर, जेथे शेजारणीच्या गर्भपाताची आणि मास्तरांच्या मधुमेहाची नोंद एकाच यादीत असते, मी ही मुभा देणार नाही.

आधी संगणकाच्या सेटिंगमध्ये टीपीएम नुसतेच बंद आहे का ते पाहावे; बऱ्याच ठिकाणी ते असते, फक्त चालू केलेले नसते. घरगुती विंडोज १० साठी सुरक्षा-अपडेटची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. जुन्या यंत्रावर लिनक्सही चांगले चालते, आणि बीटाची हौस असेल तर ज्यात कोणाचेच काही नाही असा रिकामा लॅपटॉप घ्यावा. नातवाने तसा एक मिळवला आहे. त्यावर तो दर आठवड्याला काहीतरी मोडतो आणि जोडतो.

काकांचे आकडे आता पेन ड्राइव्हवरही आहेत आणि दोनशे पानी वहीतही. वहीत त्यांनी पट्टीने चार रकाने आखले आहेत: तारीख, आयएनआर, गोळी, शेरा.