बर्फ ठेवायचा कुठं?

हँकॉक, मिशिगन
जानेवारी

ती. बाबांस सा. न.

बर्फ किती, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर इथल्या यूएस-४१ रस्त्याच्या कडेला उभं आहे. तापमापीच्या आकाराचा उंचच उंच फलक, आणि त्यावर १९७८-७९च्या हिवाळ्याची खूण : ३९०.४ इंच. म्हणजे साडेबत्तीस फूट! कीविनॉ द्वीपकल्प लेक सुपिरिअरच्या पाण्यात पार आत घुसलंय. वायव्येकडचा कोरडा, गार वारा तळ्यावरून येताना वाफ उचलतो आणि जमीन लागली की सगळी इथं ओततो.

ताईचं घर रस्त्यापासून बरंच आत आहे. मधली वाट खडीची. ती मोकळी ठेवायला दाजींनी एटीव्ही घेतलीय. इथं तिला सगळे फोर-व्हीलर म्हणतात. मोटारसायकलसारखं हँडल, अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल, फुगीर टायरं, मागच्या टायरांना साखळ्या आणि पुढं पाच फुटी लोखंडी पातं. आईला सांगा, मी हेल्मेट घालते.

फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.

आता मला दाजी एकटीला वाट काढू देतात. पातं पुढं दिसत असलं तरी जोर गाडीच्या पोटाखालच्या चौकटीवर येतो. उचलायला विंच आहे. तिची तार काढून दाजींनी कृत्रिम धाग्याचा दोर लावलाय, कारण पातं दर वेळी तेवढंच वीतभर वरखाली होतं, तार त्याच जागी पिचते आणि तिची कुसळं हाताला टोचतात. दगड आडवा आला तर पातं स्प्रिंगवर पुढं झुकतं, म्हणून गाडी वाचते. पातं तिरकं केलं की बर्फ कडेला सरत जातो, पण रुंदीही कमी होते. ती चाकांपेक्षा कमी झाली तर आपणच आपला बर्फ तुडवत जायचं. जमीन गोठण्याआधी पात्याखालचे लोखंडी पाय थोडे उतरवून ठेवावे लागतात, नाहीतर बर्फाबरोबर खडीही निघून जाते.

हे सगळं पटकन जमतं. खरी अक्कल लागते ती बर्फ ठेवायचा कुठं, यात. पहिला बर्फ हलका असतो, कडेला लोटला की काम झालं असं वाटतं. पण ती कड रात्रीत गोठून भिंत होते, पुढचा बर्फ तिच्या अलीकडे साठतो आणि फेब्रुवारीत मोटार वाटेत मावत नाही. शेजारचे फिनिश वंशाचे आजोबा डिसेंबरातच वाटेच्या दोन्ही बाजूंना वावभर जास्त साफ करून ठेवतात. पाणी शिरायच्या आधी बांध घालणाऱ्यातले आहेत, तुमच्यासारखे. आमची वाट मात्र सध्या चिंचोळी आहे. दाजी त्यावर बोलत नाहीत.

वाटेच्या तोंडाशी रस्त्यावरचा बर्फ लोटणारा सरकारी प्लाऊ जाताना दगडासारखा बांध टाकून जातो. तिथं फोर-व्हीलर हरते, वर चढून बसते. मग यूपर स्कूप काढायचा. हे दोन हातांनी ढकलायचं मोठं सूप, उचलावं लागत नाही. तो बर्फ रस्त्यापलीकडे लोटून द्यावा असं सगळ्यांच्याच मनात येतं, पण मिशिगनच्या कायद्यानं त्याला बंदी आहे.

मे

ती. बाबांस सा. न.

बर्फ गेला. वाटेवरची निम्मी खडी हिरवळीत सापडली! पातं टेकवून गाडी मागं घेतली की सुटी खडी छान पसरते. शेजारचे आजोबा असल्याच पात्यानं घोड्यांची लीद लोटतात.

व्हिडिओ बघून तुम्हाला आता अशी गाडी हवीय. नको, बाबा. ती सुटं लोटते, खणत नाही. आपल्या काळ्या मातीत पातं रुतवलं की एकतर स्प्रिंग झुकणार, नाहीतर चौकट वाकणार. शिवाय उतारावर ती उलटते. पूर्वीच्या तीनचाकी तर इतक्या उलटायच्या की १९८८ साली कंपन्यांना सरकारशी करार करून अमेरिकेतली त्यांची विक्री थांबवावी लागली. चारचाकी बरी, पण आपल्या टेकडीच्या वावरात तुम्ही तिच्यावर बसलेले मला बघवणार नाही.

विहिरीच्या वाटेवर मुरूम पसरायचाय, एवढंच ना? तात्यांच्या ट्रॅक्टरचं लेव्हलर एका सकाळीत करेल. डिझेल आपलं घाला, आणि मुरूम पावसाआधी टाकून घ्या.

तुमची,
सुमी