मनसर फाट्यावरचं जेवण

रविवारी दुपारी रूमवर कोणी नुसतं "चाल बे" म्हटलं, तर "कुठे?" असं विचारायचं नसतं. गाडी मनसर फाट्याकडेच जाते. रामटेकहून सहा-सात किलोमीटर. नागपूर-जबलपूरचा मोठा रस्ता (आता ४४ नंबर, जुन्या लोकांसाठी अजूनही सातच) लागायच्या थोडं अलीकडे, कडुनिंबाखाली आमचा धाबा आहे. नाव देत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना कळलं तर आम्हाला बसायला जागा मिळणार नाही!

पाटीवर 'सावजी भोजनालय' लाल रंगात आहे आणि पुढचा 'बार' निळ्या. त्याचीही एक स्टोरी आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून हायवेलगतची दारूविक्री बंद झाली, तेव्हा मालकाने 'बार'वर चुना फासला. २०१८ मध्ये ग्रामपंचायत हद्दीचं काय करायचं ते कोर्टाने राज्यांवर सोडलं. मग परवाना परत सुरू झाला, आणि मालकाने खिडक्यांचा उरलेला निळा ऑइलपेंट घेऊन शब्द पुन्हा लिहिला. मधल्या काळात गिऱ्हाईक तुटलं असेल ना, असं मी एकदा विचारलं. "नाही नं. येत होते सगळे. पाणी पिऊन भांडत होते." (मी स्वतः तिथे काय पितो, हा या लेखाचा विषय नाही. संपादक मंडळावर सरही आहेत.)

सावजी म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना समजावता समजावता माझी दोन वर्षं गेली. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं हे जेवण. मागावर दिवसभर बसणाऱ्यांचं. काळा मसाला, वर बोटभर तर्री, जुन्या घरांत जवसाचं तेल. मसाल्यात बत्तीस जिन्नस असतात असं सगळे सांगतात, मोजून मात्र आजवर कोणी दाखवले नाहीत. पहिल्या घासाला कान गरम होतात, तिसऱ्याला नाक वाहतं, पाचव्याला माणूस कबुलीजबाब द्यायला तयार होतो. ही शेवटची गोष्ट मी अनुभवाने सांगतो आहे.

पण आम्ही जातो ते खरं तर माणसांसाठी. कोपऱ्यातल्या बाजेवर खाणीतले काका असतात. मनसरच्या मँगनीज खाणीतून रिटायर झाले. हाताच्या रेषांमध्ये काळं अजून आहे, साबणाने जात नाही म्हणतात. त्यांच्या शेजारी 'खोदकाम'. हिडिंबा टेकडीवर १९९७-९८ पासून उत्खनन चाललं, वाकाटकांच्या काळातलं देऊळ आणि विटांची बांधकामं निघाली, त्या कामावर हे मजूर होते. दुसऱ्या ग्लासानंतर ते सांगतात, "प्रवरसेन राजाचं घर म्याच काढलं भाईर." तिसरे बरई काका, रामटेकला त्यांचा पानमळा आहे. मळ्यात चप्पल घालून जायचं नाही, हा नियम ते धाब्यावरही पाळतात आणि चपला झाडाखाली काढून येतात. आणि मास्तर. संस्कृत शिकवून रिटायर झालेले. फक्त डाळकांदा आणि भाकर खातात, पण बसतात मटणवाल्यांच्या टेबलावरच.

थर्ड सेमचा रिझल्ट लागला त्या दिवशी मी एकटाच तिथे गेलो होतो. एम-थ्रीत बॅक! पासिंगला अकरा मार्क कमी. टेबलावरच्या सगळ्यांना ते पाच मिनिटांत कळलं. मास्तर म्हणाले, "अरे, यक्षाला कामात चूक झाली म्हणून कुबेराने वर्षभर इथे रामगिरीवर पाठवलं. तुझी तर सहाच महिन्यांची शिक्षा आहे." सगळे हसले, मीही हसलो. घरी मात्र सांगितलं, रिझल्ट अजून लागायचा आहे.

असं दीड महिना चाललं. मग रामनवमीची गर्दी ओसरल्यावरच्या रविवारी बाबा काटोलहून एसटीने आले. गडमंदिराचं दर्शन झालं. पायऱ्या उतरताना ऊन डोक्यावर आलं होतं. बाबा म्हणाले, "तू रविवारी जेवतं तिथं चाल. पाहू तं खरं." बाबा माळकरी. घरात अंडंही येत नाही. मी बस स्टँडजवळची दोन हॉटेलं सुचवून पाहिली. ते गाडीवर मागे बसून मोकळे.

धाब्याच्या आत शिरताना बाबांच्या गळ्यातली तुळशीची माळ पहिल्यांदा खाणीतल्या काकांना दिसली. त्यांनी ग्लास बाजेखाली सरकवला. मग खोदकामनेही. मालकाने न सांगता एक टेबल धुऊन काढलं आणि पातोडीचा रस्सा वेगळ्या पातेल्यातला आहे, हे तीनदा सांगितलं. दुपारी दोन वाजता तो धाबा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

बाबांना गप्पा लागतात. खाणीत पगार किती होता, पानवेलीला पाणी किती लागतं, सगळं विचारून झालं. मग सहज, भाकर मोडता मोडता, "आमचा पोरगा कसा हाये हो? अभ्यास करते का?"

कोणी एकदम बोललं नाही. मग खोदकाम म्हणाले, "लय हुशार पोरगा हाये." खाणीतल्या काकांनी मान हलवली. मास्तर माझ्याकडे न बघता आपल्या ताटात बघत राहिले. ही सगळी माणसं माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि ज्या माणसाशी बोलत होती त्याच्यासाठी त्यांनी आपले ग्लास लपवले होते. मला तो घास गिळवेना.

"बाबा, रिझल्ट लागला आहे. एम-थ्री राहिला."

"कधी लागला?"

"दीड महिना झाला."

बाबा जेवत राहिले. त्यांचं नाक वाहत होतं, डोळ्यांतूनही पाणी येत होतं. तर्रीने असेल. मी नक्की सांगू शकत नाही. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी मालकाला अजून रस्सा मागितला आणि मला विचारलं, "यांयले सगळ्यायले माहीत होतं?"

"हो."

"हं."

एवढंच. बिल मला देऊ दिलं नाही. निघताना बरई काकांनी कपुरी पानांची एक जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून "वहिनीले द्या" म्हणून त्यांच्या पिशवीत घातली. नागपूरची बस आली तेव्हा बाबा चढले, खिडकीतून हात बाहेर काढला आणि शंभराच्या पाच नोटा माझ्या खिशात कोंबल्या. फॉर्मसाठी. बस हलल्यावर मी मागे पाहिलं, तर खाणीतले काका बाजेखालून ग्लास शोधत होते.

रात्री दहाला फोन आला. आईला पानं आवडली म्हणाले. बराच वेळ संत्र्याच्या आंबिया बहराबद्दल बोलत राहिले. फोन ठेवता ठेवता विचारलं, "ते मास्तर हायेत नं तुमचे, डाळकांदावाले... त्यायले गणित येते का?"