स्टेजवर चक्कर का येते?



गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या ओपीडीत एक वडील सहावीतल्या मुलीला घेऊन आले. इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेत माइकसमोर उभी असताना ती धाडकन खाली पडली होती. "काय ओ डॉक्टर, फिट तर नव्हं? एमआरआय करून टाकूया का?" आई म्हणाली, "कांदा हुंगवला तेव्हा शुद्धीवर आली." मुलगी खाली मान घालून गप्प.

मी तिलाच विचारलं, सकाळी काय खाल्लंस? "काही नाही. पोटात गोळा आला होता." किती वेळ उभी होतीस? "माझा नंबर सव्विसावा होता." पडायच्या आधी काय झालं? "घाम आला, मळमळलं, कानात गुंई झालं, मग सगळं काळं." शुद्धीवर यायला अर्धा मिनिटही लागला नव्हता आणि उठल्यावर तिला सगळं आठवत होतं.

नव्वद टक्के निदान इथेच झालं. तपासलं, रक्तदाब पाहिला, एक ईसीजी काढला. सगळं ठीक. ही फिट नव्हती, साधी भोवळ होती. आम्ही तिला व्हेसोव्हेगल सिंकोप म्हणतो.

होतं काय? बराच वेळ ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. उपाशी पोट आणि कमी पाणी यांची त्यात भर पडते. अशात भीती वाटली की व्हेगस नावाची नस एकदम जोर करते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवं झालं की रक्त मेंदूकडे परत जातं आणि शुद्ध येते. म्हणजे शुद्ध कांद्याने येत नाही, आडवं पडल्याने येते. भोवळीतही हातपाय क्षणभर झटकू शकतात, त्याने घाबरू नका.

मग मी त्या मुलीला एक खरी गोष्ट सांगितली. अमेरिकेत 1925 पासून शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा होते, स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी. गेली कित्येक वर्षं तिथे भारतीय वंशाची मुलं चमकतात. 1985 साली त्यांच्यातला पहिला विजेता ठरलेला बालू नटराजन पुढे डॉक्टर झाला. 2004 साली अक्षय बुद्दिगा हा 13 वर्षांचा मुलगा टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर स्टेजवर कोसळला. शब्द होता 'अ‍ॅलोपेकॉइड', म्हणजे कोल्ह्यासारखा. केस गळण्याला आम्ही अ‍ॅलोपेशिया म्हणतो, तो शब्दही कोल्ह्याच्या त्याच ग्रीक नावावरून आला. अक्षय काही सेकंदांत उठला, माइकसमोर गेला आणि स्पेलिंग बरोबर सांगितलं. त्या वर्षी तो दुसरा आला.

मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

आता माझी गोष्ट. 1982 साली आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी असाच पडलो होतो. तोंडावर पाणी मारलं, भोवती गर्दी झाली, मागून कुणीतरी हसलं. घरी वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना बहुधा मला आणखी दुखवायचं नव्हतं. मी मात्र त्या गप्प राहण्याचा अर्थ 'नाक कापलंस' असा घेतला. पुढे कॉलेजभर स्टेज टाळलं. एमडीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा टेबलाची कड घट्ट धरून बसलो होतो. भोवळ अर्ध्या मिनिटाची होती, भीती बारा-पंधरा वर्षं टिकली. पालकहो, म्हणून सांगतो, अशा वेळी गप्प राहू नका आणि रागावूही नका. "तू घाबरट नाहीस, हे शरीरामुळे झालं," एवढं मुलाला ऐकू द्या.

काय करावं?

- स्पर्धेआधी हलकं खायला द्या. पोहे चालतील, दूध-भाकरी चालेल; त्या दिवशी कटाची मिसळ नको. पाणी भरपूर.
- उभं असताना गुडघे ताठ करू नयेत. टाचा वर-खाली कराव्यात.
- घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सरळ खाली बसावं. जमत नसेल तर पायांची कात्री करून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट धराव्यात.
- कुणी पडलं तर आडवं झोपवा, पाय उंच करा, गर्दी हटवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. उठवून बसवण्याची घाई नको.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावं?

धावताना किंवा खेळताना चक्कर आली, झोपलेल्या स्थितीत आली, आधी छातीत दुखलं किंवा धडधडलं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, जीभ चावली गेली, शुद्धीवर आल्यावरही मूल बराच वेळ गोंधळलेलं राहिलं, तर थांबू नका.

जाताना मुलीने विचारलं, "काका, परत पडले तर?"

"डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी खाली बसायचं. बसून स्पेलिंग सांगितलं तरी ते बरोबरच असतं."

वडील हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एमआरआयचं नाव पुन्हा निघालं नाही.