वहीच्या समासात

गणिताच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो तेव्हा आकड्यांच्या आधी घरं दिसतात. एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं असतं, दुसऱ्यावर धाकट्या भावंडाने ओढलेली पेन्सिलची वेडीवाकडी रेघ. जुलैत वह्यांचे कोपरे फुगलेले असतात, कारण येता-जाता दप्तर भिजलेलं असतं. दिवाळीच्या सुमाराला काही वह्या यायच्या बंद होतात. आमच्या बीड जिल्ह्यातून त्या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर सहावी-सातवीतली काही दप्तरंही जातात. मागे राहणारी मुलं आजीपाशी राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. आजीपाशी राहिलेल्या मुलीचं अक्षर पुढे काही महिने वेगळं दिसतं. पाणी भरून, भाकरी थापून, धाकट्याला निजवून मग लिहिलेलं ते अक्षर असतं.

या वह्यांना गुण द्यायचे, अशी रीत आहे. गृहपाठाला गुण देऊ नयेत, असं मला वाटतं. हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही, वह्या बघून झालं आहे.

सातवीला परिमेय संख्यांचा पाठ चालू असला की एक गोष्ट हमखास घडते. तीन छेद चार अधिक दोन छेद पाच. एका वहीत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो, पाच छेद नऊ. शेजारच्या वहीतही तेच, खिडकीजवळच्या वहीतही तेच. आणि खाली शेवटच्या ओळीत मात्र तेवीस छेद वीस असं बिनचूक उत्तर. पाठ्यपुस्तकाच्या मागच्या उत्तरसूचीतून ते आलेलं असतं, वरच्या ओळींशी त्याची ओळखही नसते. परिपाठाची घंटा होण्याआधी कट्ट्यावर बसून हे काम उरकलेलं असतं. ही मुलं लबाड आहेत असं मला एकदाही वाटलेलं नाही. भरलेल्या वहीला गुण मिळणार असतील तर वही भरलेली हवी, एवढा हिशेब बारा वर्षांच्या मुलाला नक्की येतो. आपण जे मागितलं तेच त्याने आणून दिलं.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. २०१० मध्येच महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला शंभरातले ४० गुण शिकताना होणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे आणि ६० सत्राअखेरच्या संकलितचे. आकारिकसाठी साधनं कितीतरी दिली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. मूल शिकत असतानाच त्याच्याकडे बघा, वर्षाच्या शेवटी एका पेपरवरून त्याचा निकाल लावू नका, असा त्यामागचा विचार. तो मला तेव्हाही पटला, आजही पटतो. पण नोंदवहीत रकाना असतो आणि रकान्याला आकडा लागतो. स्वाध्यायाच्या रकान्यात आकडा लिहायचा तर वही पुरी आहे की अपुरी, हे बघणं सगळ्यात सोपं. छडी गेली हे फार चांगलं झालं. बऱ्याच वर्गांत तिची जागा मात्र गुणांनी घेतली. ‘गृहपाठ नाही आणलास तर गुण कापीन’ हे वाक्य ऐकताना मुलाचं अंग आक्रसतं ते तसंच.

कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. हे प्रमाण पाळलं गेलं असं धरू. एका वहीला तीन मिनिटं दिली तर एका तुकडीच्या एका दिवसाच्या वह्यांना पावणेदोन तास लागतात. शिक्षकाकडे तुकडी एकच नसते. मग पानाच्या खाली एक बरोबरची खूण, सही आणि तारीख. त्या खुणेतून मुलाला काय कळतं? बाईंनी पान उलटलं, एवढंच.

गृहपाठाचे गुण मुलाचे नसतातच पुष्कळदा. ज्याची आई दहावी झालेली आहे, ज्याला क्लास लावलेला आहे, ज्याच्या घरात एक टेबल आणि रात्री नऊनंतरही वीज आहे, त्याची वही पुरी असते. कोयता घेऊन आई-बाप फडावर गेलेल्या मुलीची वही अर्धी असते. तिने त्या संध्याकाळी घर चालवलेलं असतं. जबाबदारी म्हणून आपण ज्याचे धडे देतो ते ती जगून आलेली असते, आणि आपण तिला दहापैकी चार देतो. हा अन्याय आहे. त्याला दुसरा सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

समप्रमाण आणि व्यस्तप्रमाणाचा पाठ शिकवताना मी एक उदाहरण घरी दिलं होतं. १० मजूर एक शेत १२ दिवसांत खुरपतात, तर १५ मजूर किती दिवसांत खुरपतील? एका मुलाने ते समप्रमाणाच्या रीतीने सोडवलं आणि उत्तर आणलं १८ दिवस. खोडाखोड नव्हती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘माणसं वाढली तर दिवस कसे वाढतील?’ मी वर्गात त्याला विचारून ती ओळ मोठ्याने वाचली. त्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी खुरपं हातात धरलेलं आहे. पाठच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, काम तेवढंच हाय की, वाटून घ्यायचं.’ दहा गुणिले बारा, एकशेवीस. भागिले पंधरा, आठ. फळ्यावर हे मुलांनीच लिहिलं. आता त्या वहीला किती गुण द्यायचे? उत्तर चुकलेलं, म्हणजे शून्य. आणि उत्तरसूचीतून ८ उचलून लिहिणाऱ्याला पूर्ण. अशा गुणांचं मी काय करू? स्वतःचं उत्तर स्वतःलाच पटत नाही, हे ज्या मुलाला कळलं, त्याला गणित येऊ लागलं आहे.

म्हणून माझ्या वर्गात उत्तरसूची उघडी असते. उदाहरण आधी सोडवायचं, मग उत्तर ताडून बघायचं, आणि चूक निघाली तर ती खोडायची नाही. शेजारी दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहायचं, कुठे वाट चुकली ते. ‘जमलं नाही’ एवढं चालत नाही. ‘छेद सारखे केले, पण अंशाला कशाने गुणायचं ते कळेना’ हे चालतं, आणि असं लिहिणाऱ्या मुलाला माझी तीन मिनिटं हक्काने मिळतात. उदाहरणंही थोडी देते. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी रोजचा गृहपाठ जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, तोही सगळ्या विषयांचा मिळून. त्यात गणिताच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. अख्खा सरावसंच उतरवून आणण्यापेक्षा नीट निवडलेली तीन उदाहरणं पुष्कळ झाली.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, ‘गुण नाहीत तर पोरगं करंल कशाला, मॅडम?’ प्रश्न रास्त आहे. गुण काढून घेतले की पहिल्या महिन्यात काही मुलं गृहपाठ सोडून देतात, हे मी लपवत नाही. पण आठवड्यातून एकदा पाच मिनिटांची चाचणी असते, घरी दिलेलीच उदाहरणं, आकडे तेवढे बदललेले. तिला गुण आहेत. कट्ट्यावर उतरवून घेणाऱ्याचा हात तिथे थांबतो, आणि का थांबला ते त्याला कोणी सांगावं लागत नाही. काही मुलं दिवाळीपर्यंत वळणावर येतात. काही येत नाहीत, त्यांच्यामागे लागावंच लागतं. ज्यांना घरी जागाच नाही, ती शाळा सुटल्यावर अर्धा तास व्हरांड्यात बसून लिहितात आणि मोकळ्या दप्तराने घरी जातात. गृहपाठ घरीच झाला पाहिजे, असा माझा हट्ट नाही.

पालकांना माझं एकच सांगणं आहे. आज संध्याकाळी मुलाची गणिताची वही उघडाल तेव्हा लाल शेरे आणि गुण शोधू नका. त्याला एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगा, आणि शेजारी बसून ऐका. तुम्हाला स्वतःला ते गणित येत नसलं तरी चालेल. मूल अडलं तर उत्तर सांगू नका, फोनवर शोधून देऊ नका. कुठे अडलं तेवढं त्याच्याच शब्दांत वहीत लिहायला लावा आणि वही तशीच शाळेत पाठवा. पुढचं काम आमचं.