ताईची टोपी

माझ्या टेबलावर, दैनिक प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी, आठ नंबरच्या दोन सुया आणि करड्या लोकरीचा गुंडा पडलेला पाहून आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी विचारले, "फादर, हे कुणाचं राहिलं इथं?" माझेच आहे, असे सांगताना मला झालेला संकोच आज आठवला की हसू येते. नोव्हेंबर महिना होता. आगमनकाळ तोंडावर आला होता.

विणकाम हा आमच्या घरात ताईचा प्रांत. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, निवृत्त शिक्षिका. नाशिकची थंडी सुरू व्हायच्या आत धर्मग्रामातील अर्ध्या बाळांची टोपडी तिच्या सुयांवरून उतरलेली असत. गेल्या वर्षी तिला कर्करोगाचे निदान झाले. केमोथेरपीने केस गेले, त्याचे तिला फारसे दुःख झाले नाही. पण त्याच औषधांनी बोटांची टोके बधिर झाली. सुलट टाका की उलट, हे न पाहता बोटांना कळायचे, ते कळेनासे झाले. उघड्या डोक्याला गारठा सोसत नव्हता आणि आयुष्यभर इतरांसाठी टोप्या विणणाऱ्या बाईला स्वतःपुरती एक टोपी विणता येत नव्हती.

मी दर सोमवारी तिला भेटायला जात असे. एक कबुली देतो. इतरांच्या घरी आजाऱ्यापाशी काय बोलावे हे मला सेमिनरीत शिकवले होते आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने ते अंगवळणीही पडले होते. शास्त्रपाठ वाचायचा, अभ्यंग द्यायचे, धीराचे चार शब्द बोलायचे आणि पुढच्या घरी निघायचे. ताईच्या खाटेपाशी मात्र ते चारही शब्द पोकळ वाटत. मग मी घड्याळ पाही. तिने ते दोनतीनदा टिपले असावे. एका सोमवारी मी धीर देऊ लागताच ती म्हणाली, "बाळू, तू बोलू नकोस. त्या कपाटातल्या सुया घे."

पहिला दिवस केवळ मोजमापात गेला. तिने आधी मला हातभर लांबीची नव्हे, तर तळहाताएवढी चौकट विणायला लावली. दहा सेंटिमीटरला बावीस टाके भरले. तिच्या डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर. पण वीण ताणली जाते, म्हणून ५० धरायचे. त्याचे ११० टाके, शिवणीसाठी दोन अधिक, एकूण ११२. "आणि ११२ ला आठाने भाग जातो, ते वर गेल्यावर उपयोगी पडेल," ती म्हणाली. लोकर दुकानदाराने 'लोकर' म्हणून दिली असली, तरी त्यात मेंढीचा काही संबंध नव्हता. ती होती ॲक्रिलिकची. ताईनेच तशी मागवली होती. केस नसलेल्या डोक्याला खरी लोकर टोचते.

काठ एक सुलट, एक उलट असा. सुलट टाक्याला दोरा मागे, उलट टाक्याला पुढे. दोरा पुढे-मागे न्यायचा राहिला की सुईवर नकळत एक वेढा अधिक चढतो. पुढच्या सोमवारपर्यंत माझ्या ११२ टाक्यांचे ११७ झाले होते. ताईने ते मोजले आणि काही न बोलता सुई काढून घेऊन सगळे उसवले. मला राग आला, हे लपवीत नाही. "फादर, इथं पापक्षमा उसवल्याशिवाय मिळत नाही," असे म्हणून ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच पाठ, हे मला त्या महिन्यात कळले. कापड फिरवले की नाव बदलते, टाका तोच. ते दोन्ही शेजारीशेजारी आले म्हणजे काठाला ताण सोसण्याची शक्ती येते.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. 'फादर आता स्वेटरांचे दुकान काढणार' असे तरुणांच्या मंडळात कुणी म्हणाले. कित्येक शतके युरोपातील टोप्या विणणाऱ्यांच्या संघांत उस्ताद पुरुषच असत, आणि इंग्लंडमध्ये तर १५७१ साली सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी व सणाला लोकरीची विणलेली टोपी घातलीच पाहिजे असा कायदाच होता, हे मी त्यांना ऐकवले. कुणावर फारसा परिणाम झाला नाही.

मला स्वतःला आधार वाटला तो एका चित्राचा. हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात सुमारे १४०० सालचे, मास्टर बर्ट्रामच्या नावाने ओळखले जाणारे वेदीचित्र आहे. त्यात पवित्र मरिया चार सुयांवर बाळाचा अंगरखा विणते आहे. गळ्यापर्यंत काम आले आहे. बाळ गवतावर पुस्तक घेऊन पहुडले आहे आणि मागून देवदूत क्रूस, भाला, खिळे घेऊन आले आहेत. मरियेचे हात थांबलेले नाहीत. चार सुयांवर गोल विणले की शिवण येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील शिवण नसलेला झगा चित्रकाराच्या मनात असणार. माझ्या दोन सुयांच्या टोपीला अर्थात शिवण आली.

चौदा सेंटिमीटर झाल्यावर घट सुरू झाली. एकाआड एक ओळीत, आठ ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विणायचे. ११२ चे १०४, मग ९६. याच सुमारास तिच्या तपासणीचे अहवाल यायचे होते. त्या सोमवारी एक टाका सुईवरून निसटला आणि शिडीसारखा ओळीओळीने खाली धावला. माझे हात थरथरत होते. ताईने मला क्रोशाची सुई घ्यायला लावली आणि खालच्या फासातून एकेक पायरी वर ओढायला सांगितली. आम्ही दोघे त्या एका टाक्यावर वाकून बसलो होतो, तेव्हा भाचा अहवाल घेऊन दारात उभा राहिला. "थांब जरा," ती म्हणाली, "एवढा वर येऊ दे."

अहवाल बरा होता.

सोळा टाके उरल्यावर दोरा त्यांतून ओवून आवळला. शिवण तिने सांगितली, मी घातली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ती टोपी घालून पहिल्या बाकावर बसली. डाव्या कानावर एक टाका सुलटऐवजी उलट पडला आहे. तो मला वेदीवरूनही दिसत होता, किंवा दिसतो आहे असे वाटत होते.

एप्रिलमध्ये केस बोटभर आले, तेही कुरळे. आमच्या घराण्यात कुणाचे कुरळे नाहीत. बोटे मात्र अजून पुरती शुद्धीवर नाहीत. परवा गेलो तर तिने पांढरा गुंडा माझ्या पुढ्यात टाकला. शेजारच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"टोपडं आहे. बहात्तर टाके घाल," ती म्हणाली. "मी मोजते."