एकच व्यक्ती

आमच्याकडच्या कोरडवाहू गावांत माणसाचं चरित्र लिहून ठेवायची रीत नाही. सातबाऱ्यावर नाव चढतं आणि वारसनोंदीनं उतरतं. लग्नपत्रिकेत ते एकदा छापून येतं. बाकी जन्मभर माणूस तोंडी असतो. अपवाद फक्त मिलिटरीत गेलेल्यांचा. मिसरूड फुटलेलं पोरगं भरतीच्या रांगेत उभं राहिलं, की सरकार त्याला आईनंही कधी निरखलं नसेल इतकं निरखून बघतं. उंची किती, छाती किती आणि फुगवून किती, ओळखीची खूण म्हणून अंगावर तीळ कुठे, व्रण कुठे. गाव, पोस्ट, तालुका, पोलीस ठाणं, जवळचं रेल्वे स्टेशन. मग पलटण कोणती, सुट्टीवर कधी गेला, दवाखान्यात कधी पडला, कोणता कोर्स केला, छातीवर कोणतं पदक लागलं. बाप-आज्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, त्या घरातल्या पोराचं आयुष्य तारीखवार लिहिलं जातं.

थोरल्या काकांचं डिस्चार्ज बुक मी नेहमी असंच वाचत आले. काका स्वतः फार बोलायचे नाहीत. एकाहत्तरच्या लढाईबद्दल विचारलं तर 'थंडी लई होती' एवढंच सांगायचे. त्या वहीत मात्र त्यांचं संग्राम मेडल आहे, हवालदारकी आहे आणि शेवटी वागणुकीबद्दलचा वरिष्ठांचा शेराही आहे.

आता चरित्र म्हटलं की चुका आल्या. साताऱ्याकडे माजी सैनिकांच्या कुठल्याही मेळाव्यात जा, 1 जूनला जन्मलेले पुष्कळ भेटतील. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबापांना तिथी आठवायची तर तारीख नाही, मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून बघायचे आणि 1 जून लिहून मोकळे व्हायचे. तोच दाखला भरतीत जायचा, आणि भरतीत नोंदलेली तारीख फौज सहसा बदलत नाही. नावाचं असंच. आपलं नाव तीन पायऱ्यांचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं, कुठे आडनावच गळून पडतं. रोमन लिपीत शिंदे, जाधव, घाडगे ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे उतरतात. कागद या कचेरीतून त्या कचेरीत जातो आणि दर नकलेत एखादं अक्षर कमीजास्त होतं. माणूस नोकरीत असेपर्यंत त्याचं काही बिघडत नाही, कारण पलटणीत त्याला नावापेक्षा नंबरानं ओळखतात.

बिघडतं बायकोचं. तिला नंबर नसतो.

शिपायाच्या कागदांत बायको जेमतेम एका ओळीत असते. लग्न झालं की त्याची खबर युनिटला द्यायची, मग त्याची पार्ट टू ऑर्डर निघते आणि रेकॉर्ड ऑफिसात नोंद होते. ती निघेपर्यंत, गावात जेवणावळी उठल्या असल्या तरी, पलटणीच्या लेखी गडी ब्रह्मचारीच. काका लग्नाच्या सुट्टीवरून परतले तेव्हा त्यांनाही क्लार्कनं विचारलं असणार, बायकोचं नाव काय? काकांनी सांगितलं ते माहेरचं.

माहेरी काकूचं नाव नदीचं होतं. सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव काढलं, ते लक्ष्मीचं. रेशनकार्ड, मतदारयादी, बँक, आधार, सगळीकडे लक्ष्मी. नदी राहिली फक्त फौजेच्या कागदात.

काका गेले, आणि ती एक ओळ आडवी आली. कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं तर पीपीओतल्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशातल्या, बाईचं आणि समोर उभ्या बाईचं नाव जुळायला हवं. पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब चष्मा वर करून बघायचा आणि 'हवालदारांची मंडळी ना' म्हणून सही घ्यायचा. आता पेन्शन 'स्पर्श' या संगणक प्रणालीतून थेट खात्यात येतं, आणि संगणकाला मंडळी ओळखू येत नाहीत. जन्मसालाचाही घोळ होता, आणि तोही साधा नव्हे. ऐंशी पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात 20 टक्के भर पडते, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50, आणि शंभरीला तेवढंच आणखी. कागदावर बाई पाच वर्षांनी तरुण असेल तर तेवढी वर्षं ती वाढीव रकमेवाचून काढते. तरुण दिसण्याची एवढी किंमत दुसऱ्या कुणी मोजली नसेल.

दुरुस्तीची वाट सैनिक बोर्डातून जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे त्याचं पाटीवरचं नाव, पण लोक बोर्डच म्हणतात. तिथला माणूस बहुधा स्वतः फौजेतून आलेला असतो, त्यामुळे बाईला आधी खुर्ची मिळते, मग यादी. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, जन्माचा किंवा शाळेचा दाखला, काकांच्या मृत्यूचा दाखला, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक इंग्रजी आणि एक मराठी. ते सगळं रेकॉर्ड ऑफिसला जायचं, तिथे नवी नोंद व्हायची, मग प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन लेखा कार्यालयातून दुरुस्तीचा पीपीओ निघायचा. या साऱ्याच्या मुळाशी एक ॲफिडेव्हिट. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टला त्याचा मसुदा पाठ होता. अमुक आणि तमुक ही दोन्ही नावे माझीच असून सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.

मी ते काकूला वाचून दाखवलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती.

"दोघी एकच हायेत म्हणून लिवलंय व्हय?"

"हो. सही करायची आहे तुला."

"करते की." मग थोडं थांबून म्हणाली, "पर ती पवायची गं. भर पुरात ह्या थडीची त्या थडीला जायची. ही कवा पान्यात उतरली न्हाई."

टायपिस्ट हसला. मला हसू आलं नाही. लग्नानंतर मी माझं नाव बदललं नाही, त्याचं कौतुकही करून घेतलं, पण नाव बदललेल्या बाईला आपण दोन जणी होतो असं वाटत असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. सोळाव्या वर्षी जिला ताटातल्या तांदळात पुसून टाकलं, तीच आपण, हे आता म्हातारपणी शपथेवर सांगायचं. शपथ घेणं सोपं होतं. काकूला ते पटलं होतं की नाही, कोण जाणे.

फौजेच्या कागदांचं वाचन नंतर माझ्या अंगवळणीच पडलं. त्यातूनच कळलं, पहिल्या महायुद्धात 6 वी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेली. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. त्या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या चौकशी समितीनं हा दुजाभाव मान्य केला तो 2021 साली, आणि ब्रिटिश सरकारनं संसदेत माफी मागितली. ही दुरुस्तीच, शंभर वर्षांनी आलेली. अमेरिकेत सेंट लुईसला 12 जुलै 1973 रोजी सैनिकी नोंदींच्या इमारतीला आग लागली आणि 1 कोटी 60 लाखांहून जास्त फाइली गेल्या. दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून तिथे जुन्या पगारपत्रकांवरून आणि जळक्या कडांच्या पानांवरून माणसं पुन्हा जुळवतात. आकडा झालेला शिपाई किंवा राख झालेला, घरच्यांना दोघांसाठी शेवटी एकच गोष्ट सिद्ध करावी लागते. हा होता, आणि तो आमचा होता.

काकूचा दुरुस्तीचा कागद आला तेव्हा मी तो चार-चारदा वाचला. मला वाटत होतं की चुकीचं नाव खोडतील आणि बरोबर नाव लिहितील. तसं होत नाही. दुरुस्तीपत्राला चूक पुन्हा छापावीच लागते. याऐवजी हे वाचावे. तेव्हा कुठे मला काकांच्या त्या ओळीचा अर्थ लागला. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. अगं, अहो, पोरांच्या नावानं हाक, एवढ्यावर संसार व्हायचे. मी काकांच्या तोंडून काकूचं कुठलंच नाव कधी ऐकलं नाही. घरात ते कधी तोंडी आलं नाही, पण परमुलखात, टेबलामागच्या अनोळखी क्लार्कसमोर, त्यांना ते उच्चारावं लागलं, आणि त्यांनी घरानं दिलेलं नाव घेतलं नाही, तिचं घेतलं. तिचं जुनं नाव त्यांना कुणी सांगितलं, ते त्यांनी का धरून ठेवलं, हे कुठल्याही रकान्यात नाही. सरकारच्या भाषेत ती चूक होती. काकूला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग कशाला बदलून घेतलं गं?" आणि लगेच, "पेन्शन सुरू हुईल ना पर?"

पेन्शन सुरू झालं. गावात ज्यांचे कारभारी अजून हयात आहेत, त्या बायकांना मी आता सांगते, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ पेटीतून काढा आणि दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा. त्यांच्या सहीचा एक अर्ज आज जे काम करील, त्याला उद्या तुमची शपथ, दोन जाहिराती आणि सरपंचाचा दाखला लागेल. काही हो म्हणतात, काही विसरतात. एकजण मात्र कागद तपासून आली आणि तक्रार करत म्हणाली, "माझं नाव तर बरोबर निघालं." तिला काय हवं होतं, ते मला कळलं.