ओळख आणि वापर

विद्यार्थ्याला अभ्यासातल्या इंग्रजीचे शब्द किती येतात, हे पाहण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे जोड्या लावा. पॉल नेशन यांच्या 'व्होकॅब्युलरी लेव्हल्स टेस्ट'मध्ये एकीकडे सहा शब्द असतात, दुसरीकडे तीन अर्थ. तपासणी झटपट होते, गुणांवरून वाद होत नाही. अशा चाचणीसाठी यादीही तयार आहे: ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातून ५७० शब्दकुळं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं यांचे गट, निवडली. अशा मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द याच कुळांतले असतात. पण कुळातला एक शब्द ओळखला की बाकीचे आपोआप आले, असं धरून चालणं मला पटत नाही. 'ॲनालाइझ'चा अर्थ अचूक जुळवणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'द ॲनालाइझ ऑफ डेटा' लिहितो. 'एव्हिडन्स' ओळखणारा बिनदिक्कत 'मेनी एव्हिडन्सेस' लिहून मोकळा होतो. जोड्यांमध्ये दोघांनाही पूर्ण गुण.

मग वाक्यंच लिहून घ्यावीत, तर साठ जणांचे पेपर कोण तपासणार, आणि दोन परीक्षकांचे गुण जुळणार कसे? शंका रास्त आहे, पण मधली वाट आहे. बाटिया लाउफर आणि नेशन यांच्या १९९९च्या चाचणीत पूर्ण वाक्य देतात, हव्या त्या शब्दाची पहिली काही अक्षरं छापतात आणि उरलेला शब्द विद्यार्थ्याने लिहायचा असतो. उत्तर बहुधा एकच, त्यामुळे तपासणीही सोपी. यावर कुणी म्हणेल, की ही शब्दांची नव्हे, व्याकरणाची परीक्षा झाली. मात्र 'एव्हिडन्स'चं अनेकवचन होत नाही, हे त्या शब्दाच्या ज्ञानातच मोडतं. स्पेलिंगची किरकोळ चूक तेवढी माफ करावी. शब्दाचं रूप चुकलं तर वेगळी खूण करावी.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधी पाठ्यपुस्तक वाचता यायला हवं, वापर पुढचा, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हणून जोड्यांची चाचणी प्रवेशाच्या वेळी ठेवावी आणि लेखी उत्तरांची, प्रबंधाची वेळ आली की वाक्यातला शब्द पूर्ण करण्याची चाचणी घ्यावी. दोन्हींच्या गुणांची बेरीज करू नये. ओळख कच्ची असेल तर वाचन वाढवायला हवं, वापर कच्चा असेल तर लिहून घ्यायला हवं. बेरजेच्या एका आकड्यावरून यातलं काय करायचं, ते शिक्षकाला कळत नाही.